गोळ्या बंद केल्या हे आधी मेडिकलवाल्याला कळतं

संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर नुसतं उभं राहून बघा, दोनच प्रश्न सारखे कानावर पडतात, "किती झाले?" आणि "डिस्काउंट किती?". ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एखादी राहिली तर काय करायचं, असं विचारणारा माणूस क्वचितच दिसतो. आणि आपणहून सांगणारा तर त्याहून क्वचित. याचं खापर एकट्या मेडिकलवाल्यावर फोडण्यात अर्थ नाही, आपण त्याला वीस टक्के डिस्काउंटवाला दुकानदार करून ठेवलंय आणि आता तो तेवढाच उरलाय. पण माझं म्हणणं असं आहे की मुंबईसारख्या शहरात पेशंटने गोळ्या बंद केल्या हे ज्याला सगळ्यात आधी कळू शकतं तो माणूस हाच आहे, आणि त्या कळण्याचा उपयोग करून घ्यायची काहीही सोय आपण केलेली नाहीये. ती करायला हवी, आणि त्यासाठी पैसे मोजायला हवेत.

डॉक्टरला कसं कळणार? तो तीन महिन्यांनी बघतो, तेही पेशंट गेला तर. घरच्यांना गोळ्यांचा डबा दिसतो, आतलं दिसत नाही. मेडिकलवाल्याकडे मात्र हिशोब असतो, महिन्याला तीस गोळ्या लागणारा माणूस दोन महिने फिरकला नाही तर एकतर तो दुसरीकडून घेतोय, किंवा गावाला गेलाय, किंवा त्याने सोडून दिल्यात. आजकाल बहुतेक दुकानांत कॉम्प्युटरवर बिलं होतात, मोबाईल नंबर घेतलेला असतो, म्हणजे माहिती पडलेली आहे. ती सध्या फक्त दिवाळीच्या ऑफरचा मेसेज पाठवायला वापरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर मोठा रिपोर्ट काढला होता, त्यात म्हटलंय की श्रीमंत देशांतसुद्धा कायमच्या आजारांची औषधं नीट घेणारे लोक सरासरी निम्मेच असतात आणि गरीब देशांत त्याहून कमी. आता मुंबईचं बघा. पालिकेने याच संघटनेबरोबर २०२१ मध्ये सर्वे केला, १८ ते ६९ वयाच्या लोकांत ३४ टक्क्यांना बीपी निघालं आणि १८ टक्क्यांची उपाशीपोटीची शुगर जास्त. म्हणजे लोकलच्या एका बाकावर तिघं बसलेत तर त्यातल्या एकाला बीपी. यातल्या कितीतरी लोकांना मुळात माहीतच नसतं की आपल्याला आहे, पण ज्यांना माहितीये, ज्यांच्याकडे चिठ्ठी आहे, ज्यांनी एकदा गोळ्या आणल्यासुद्धा, ते का सोडतात?

याचं सोपं उत्तर म्हणजे "लोक बेफिकीर असतात". मला ते पटत नाही. कारणं बघितली तर बहुतेक वेळा त्या माणसाच्या बाजूने विचार करता अगदी बरोबर असतात. डॉक्टरने चिठ्ठीवर ३० दिवस लिहिलं, पेशंटने ३० दिवस घेतल्या, कोर्स संपला! त्याला वाटतं तापाच्या गोळ्या पाच दिवस असतात तशा बीपीच्या तीस दिवस असणार, ही आता चालूच ठेवायचीये असं त्याला कोणी तोंडाने सांगितलेलंच नसतं. बीपी दुखत नाही, शुगर दुखत नाही, मग न दुखणाऱ्या गोष्टीची गोळी "सवय लागेल" म्हणून बंद. शुगरच्या मेटफॉर्मिनने सुरुवातीला जुलाब होतात, बीपीच्या रॅमिप्रिलने काही जणांना कोरडा खोकला सुटतो, तो खोकला कफ सिरपने जात नाही आणि शेवटी माणूस दोन्ही सोडतो. एकादशी आली, चतुर्थी आली, उपवास आहे म्हणून शुगरची गोळी नाही (कधीकधी ते बरोबरही असतं, कारण काही गोळ्या उपाशी घेतल्या तर शुगर धपकन खाली जाते, पण कोणती घ्यायची आणि कोणती नाही हे त्या माऊलीला सांगणार कोण?). रमझानमध्ये कुर्ल्यात, मोहम्मद अली रोडला हाच प्रश्न महिनाभर असतो, सकाळची गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला. आणि पैसा तर आहेच, महिनाअखेरीला "पाच गोळ्या कापून द्या" म्हणणारा माणूस बेफिकीर नसतो, त्याच्या खिशात तेवढेच असतात.

अजून एक भानगड आहे जी मला फार डोक्यात जाते, स्ट्रिपमधल्या गोळ्यांची संख्या. एक स्ट्रिप दहाची, दुसरी पंधराची, रक्त पातळ करणारी इकोस्प्रिन चौदाची, थायरॉइडची तर शंभराची बाटली. चार औषधं चालू असलेल्या घरात रोज काही ना काही संपत आलेलं असतं, कधीच सगळं एका दिवशी संपत नाही. मग एक आणायला गेलं की दुसरं विसरतं, दुसरं आणलं की तिसरं संपतं, आणि जे संपलं ते चार दिवस नसलं तरी चालतं असा शोध कधीतरी लागतो. सोडायची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. अमेरिकेत बऱ्याच फार्मसी पेशंटच्या सगळ्या गोळ्यांची तारीख एकच लावून देतात, पहिल्यांदा कमी-जास्त मोजून द्यायच्या की पुढे सगळं एकाच दिवशी भरायचं. याला कुठलं मशीन लागत नाही, थोडा हिशोब आणि थोडी आस्था पुरते. आपल्याकडे स्ट्रिप कापून द्यायची सवय तर आधीपासून आहेच, फक्त कापताना एक्सपायरी आणि नाव ज्या टोकाला आहे ते टोक कचऱ्यात जाऊ नये एवढं बघायला हवं.

भांडुपला स्टेशन रोडवरच्या एका जुन्या मेडिकलमध्ये हल्ली संध्याकाळी एक फार्मासिस्ट मुलगी असते. मध्ये मी आईचं इन्सुलिन घ्यायला उभी होते तेव्हा माझ्या पुढे एक काका होते, म्हणाले त्या बीपीच्या पाच द्या. तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि विचारलं, "काका, तुम्ही जूनपासून नेल्याच नाहीत की?"

"अगं बरं वाटतंय आता."

"मग आज कशाला?"

"मुलगी येतेय पुण्याहून. ती डबा उघडून बघते."

मागे दोघं-तिघं हसले. ती नाही हसली. तिने हळूच विचारलं, पाय सुजत होते का? काका एकदम गप्प, मग वाकून पँट जराशी वर केली आणि म्हणाले तेव्हा लय सुजायचे, चप्पल बसत नव्हती, बाजूचे बोलले किडनीवर गेलं असणार, म्हणून मग बंद केली. तिने सांगितलं की ही ॲम्लोडिपिन आहे, हिच्याने काही जणांच्या घोट्याला सूज येते, म्हणजे किडनी गेली असं लगेच नसतं, पण डॉक्टरला दाखवायलाच हवं, ते डोस कमी करतील किंवा दुसरी देतील, बीपीच्या गोळ्या पुष्कळ प्रकारच्या असतात. आणि जुन्या चिठ्ठीच्या मागे पेनाने लिहिलं, "जूनपासून बंद, घोट्याला सूज", म्हणजे डॉक्टरसमोर काकांनी नेहमीप्रमाणे "सगळं ठीक आहे" म्हटलं तरी कागद बोलेल. मागून एकजण म्हणालाच, मॅडम जरा लवकर, ट्रेन पकडायचीये.

जे काम डॉक्टरकडे, घरी, शेजारी कुठेच झालं नव्हतं ते त्या काउंटरवर दोन-तीन मिनिटांत झालं. आणि त्याबद्दल तिला किंवा दुकानाला मिळालं काय? पाच गोळ्यांवरचं मार्जिन. किंमत नियंत्रणात असलेल्या औषधांवर सरकारने २०१३ च्या औषध किंमत आदेशात किरकोळ दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलंय, तेव्हा पाच गोळ्यांवर ते किती रुपये होतं याचा हिशोब तुम्हीच करा, चहासुद्धा येणार नाही. आता गंमत बघा, दुकानाबाहेर बोर्ड लागलेला असतो २० टक्के डिस्काउंटचा. १६ मधून २० कसे देतो हा? उघड आहे, पैसे दुसरीकडून काढतो, एमआरपी आणि खरेदीत मोठा फरक असलेल्या ब्रँडेड जेनेरिकमधून (पेटंट नसलेलं औषध कंपन्या आपापल्या नावाने विकतात ते), प्रोटीन पावडरमधून, फेसवॉशमधून. म्हणजे जो धंदा आपण उभा केलाय त्यात फेसवॉश विकण्यात पैसा आहे आणि काकांचे पाय बघण्यात तोटा आहे, आणि वर आपण तक्रार करतो की मेडिकलवाले नीट बोलत नाहीत.

कायदा काय म्हणतो ते ऐकलंत तर हसाल. १९४८ च्या फार्मसी ॲक्टमध्ये, कलम ४२, स्पष्ट आहे की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. २०१५ मध्ये फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आले, त्यात तर पेशंटशी बोलणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलंय, औषध कशासाठी, कसं घ्यायचं, कुठे ठेवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, सगळं सगळं लिहिलंय. कागदावर आपण लंडनच्या बरोबरीने आहोत. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत भिंतीवरच्या फ्रेममध्ये एकाचं सर्टिफिकेट असतं आणि काउंटरवर भलताच पोरगा, सर्टिफिकेट भाड्याने देणं हा आपल्याकडचा उघड धंदा आहे आणि त्यात कोणाला लाजही वाटत नाही. महाराष्ट्रात एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त महेश झगडे होते तेव्हा त्यांनी फार्मासिस्ट दुकानात हजर पाहिजे म्हणून जोर लावला होता, तर केमिस्टांच्या संघटनांनी बंदची हाक दिली! म्हणजे माणूस जागेवर बसायलाच नाराजी, तिथे समुपदेशन वगैरे पुढची गोष्ट.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की ज्याला गोळ्या विकून पैसा मिळतो त्यानेच "गोळ्या सोडू नका" म्हणून मागे लागायचं, याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? हाच माणूस चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या कापून देतो, एक शक्तीचं टॉनिक खपवतो. शंका शंभर टक्के खरी आहे. म्हणूनच तर मी म्हणतेय की बोलण्याचे पैसे विक्रीपासून वेगळे काढा. बोलण्याचे पैसे गोळी विकली म्हणून मिळणार नसतील, विचारपूस केली आणि नोंद ठेवली म्हणून मिळणार असतील, तर "ही गोळी तुम्हाला झेपत नाहीये, डॉक्टरकडे जा" असं सांगण्यात त्याचं नुकसान उरत नाही. इंग्लंडमध्ये हे ऑक्टोबर २०११ पासून चालू आहे. दमा, बीपी, डायबिटीस, रक्त पातळ करणारी औषधं असं काही नवीन सुरू झालं की फार्मासिस्ट पेशंटशी एक-दोन आठवड्यांत एकदा बोलतो आणि मग दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा, त्याचे पैसे त्यांची सरकारी आरोग्यसेवा देते. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी ते तपासून बघितलं, दहा आठवड्यांनी नुसतं औषध दिलेल्यांत नीट घेणारे ६१ टक्के होते आणि ज्यांच्याशी असं बोललं गेलं त्यांच्यात ७१. शंभरात दहा माणसं जास्त. जादू नाहीये ही, पण दोनदा बोलून दहा माणसं मिळत असतील तर मला तो सौदा स्वस्त वाटतो.

आणि हे परदेशातच चालतं असं म्हणायला मुंबईत तरी जागा नाही, कारण टीबीच्या बाबतीत आपण याच्या जवळपास जाऊन आलोय. २०१४ पासून पालिका आणि पाथ नावाच्या संस्थेने मुंबईत एक योजना चालवली होती, प्रायव्हेट डॉक्टरकडे जाणाऱ्या टीबीच्या पेशंटला एक ई-व्हाउचर मिळायचं, ते ठरलेल्या मेडिकलमध्ये दाखवलं की औषध फुकट, आणि दुकानदाराला त्याचे पैसे नंतर परत. विचार करा, खाजगी डॉक्टर, गल्लीतलं मेडिकल आणि सरकारचा पैसा, तिन्ही एका व्हाउचरवर आले. टीबीची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या यादीत, असल्यामुळे पेशंटचं नाव आणि डॉक्टरचं नाव-पत्ता रजिस्टरला लिहावाच लागतो आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं, २०१८ पासून तर टीबीचं औषध देणाऱ्या केमिस्टने सरकारला कळवणंही बंधनकारक आहे. टीबीची औषधं मध्येच सोडली तर काय होतं ते या शहराला वेगळं सांगायला नको, साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या बातम्यांत मुंबईचं नाव पहिलं असतं. तर मग जे टीबीसाठी जमलं ते बीपी-शुगरसाठी का नाही? कारण बीपी एकापासून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे सरकार घाबरत नाही, एवढंच मला दिसतं.

सगळ्यांसाठी सगळं एकदम करा असं मी म्हणत नाहीये. संध्याकाळी आठ वाजता मेडिकलवर जी गर्दी असते तिच्यात प्रत्येकाशी पाच मिनिटं बोलायला गेलात तर भांडणं होतील. पण काही ठिकाणी बोलल्याशिवाय औषध हातात देणं म्हणजे निव्वळ गुन्हा आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर माणूस मरू शकतो, तिच्या पाकिटावर वार लिहून, तो वार पेशंटकडून वदवून घेतल्याशिवाय स्ट्रिप द्यायचीच नाही. दम्याच्या रोटाकॅप्स, ज्या मशीनमध्ये घालून ओढायच्या असतात, त्या पाण्याबरोबर गिळणारे लोक आहेत, विनोद नाही, कुठल्याही छातीच्या डॉक्टरला विचारा. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरायची हे न सांगितल्यामुळे तोंड येतं आणि मग पंपच बंद होतो. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत अजिबात नाही, नाहीतर महिनोन्महिने गोळी घेऊनही रिपोर्ट हलत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतो. किंवा डॉक्टर बदलला, त्याने दुसऱ्या नावाची तीच गोळी लिहिली आणि घरात दोन्ही चालू, शुगरच्या बाबतीत हे झालं तर पेशंट घाम फुटून पडतो. हे सगळं पकडायची जागा काउंटर आहे, कारण दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र फक्त तिथेच येतात.

म्हणून माझा प्रस्ताव छोटाच आहे. पालिकेने एखाद-दुसऱ्या वॉर्डात सुरू करावं, फक्त बीपी, शुगर, दमा आणि रक्त पातळ करणारी औषधं, आणि फक्त ज्यांना ती नव्याने लिहून दिलीयेत ते पेशंट. २०२२ पासून पालिकेचा 'आपला दवाखाना' वस्त्यावस्त्यांत उघडलाय, तिथल्या डॉक्टरने चिठ्ठीसोबत दोन वेळच्या बोलण्याचं व्हाउचर द्यावं, औषध दवाखान्यातच मिळो किंवा बाहेरून घ्यावं लागो, बोलणं गल्लीतल्या मेडिकलमध्ये. जे दुकान खरा फार्मासिस्ट बसवतं त्यालाच यात घ्यायचं, म्हणजे भाड्याच्या सर्टिफिकेटवाल्यांना धाड घालून जितकी भीती वाटत नाही तितकी शेजारच्या दुकानाकडे जाणारं गिऱ्हाईक बघून वाटेल. गणपतीत आणि शिमग्याला निम्मं लालबाग-परळ कोकणात उतरतं, तेव्हा आधीच्या आठवड्यात "गावाला जाताय ना, पंधरा दिवसांच्या जास्तीच्या घेऊन ठेवा" असा एक फोन, तिथे आपला ब्रँड मिळेल न मिळेल. आणि कायद्याप्रमाणे शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांच्या, चिठ्ठीवर केमिस्टला ब्रँड बदलून द्यायची परवानगी नाही, म्हणजे गावात "हेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" म्हणून मिळालं तर तेही नियमाबाहेर, हा नियम पण कधीतरी बघायला हवा, पण तो वेगळा वाद आहे.

अडचण खरी एकच वाटते मला, आडोशाची. मुंबईतलं मेडिकल म्हणजे रस्त्यावर उघडणारं दहा बाय दहाचं शटर, मागे रिक्षा, बाजूला वडापाव, तिथे एखाद्या बाईला टीबीबद्दल किंवा मानसिक आजाराच्या गोळ्यांबद्दल मोठ्याने विचारलंत तर ती परत त्या दुकानाची पायरी चढणार नाही, आणि चाळीत बातमी तिच्या आधी पोचलेली असेल. म्हणून दुसरं बोलणं फोनवर, दुपारी, जेव्हा दुकानात माश्या मारायची वेळ असते तेव्हा. टीबीत तर गोळीच्या पाकिटात लपवलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायची सोपी पद्धत वापरून झालीये, म्हणजे पेशंटला फोन वापरायला लावणं जमतं आपल्याला.

ॲप्स हे सगळं करतातच की, असं पोरं म्हणतात. गोळ्या संपत आल्या की ॲप आठवण करतं आणि ते चांगलंच करतं, मेडिकलवाल्यांनी त्यांच्याकडून तेवढं तरी शिकावं. पण काकांनी ॲपवर "रिमाइंड मी लेटर" दाबलं असतं, आणि सुजलेल्या पायांची गोष्ट कोणालाच कळली नसती.

देशभरच्या केमिस्टांच्या संघटनेने ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात २०१५, २०१७, २०१८ मध्ये देशव्यापी बंद केला, तेव्हा कारण सांगितलं होतं पेशंटच्या सुरक्षिततेचं. ठीक आहे, मग सुरक्षितता नेमकी कशी पुरवता ते दाखवा. शटर खाली ओढून ते दिसत नाही. बीकेसीत एफडीएच्या ऑफिसात निवेदन घेऊन जा की आम्हाला बोलण्याचे पैसे द्या, आम्ही नोंदी ठेवतो, तपासून घ्या, मी ग्राहक म्हणून त्यावर सही करते. फक्त निवेदनावर पहिली सही जो फार्मासिस्ट करेल तो रोज दुकानात बसणारा असू दे, फ्रेममधला नको.